लहान बेटावरील संस्थांना सार्वजनिक अनुदान: निर्णय घेणारे आणि मागणारे तेच असतील तर नियम कसे असावेत?

किनारपट्टी (प्रश्न):

नमस्कार. एका लहान बेटाच्या स्थानिक परिषदेसाठी अनुदान वाटपाच्या नियमांचा मसुदा करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. बेटाचे नाव देणे उचित नाही आणि प्रश्न समजून घ्यायला त्याची गरजही नाही. कायम वस्ती हजाराच्या आत आहे, पण संस्थांची संख्या त्या मानाने मोठी आहे: बचाव नौकेचे स्वयंसेवक, संग्रहालय, वृद्धांना घरपोच मदत करणारे मंडळ, क्रीडा मंडळ, पाळणाघर, लोकांनी मिळून चालवलेले दुकान, किनाऱ्याची आणि पक्ष्यांची निगा राखणारा गट. परिषद दर वर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढते आणि सात जणांची समिती अर्जांची छाननी करून ती वाटते.

या सातांपैकी एकही जण असा नाही, की ज्याचा दोन-तीन अर्जदार संस्थांशी संबंध नाही. कोणी एका संस्थेचा खजिनदार आहे, कोणाची बहीण दुसरीची अध्यक्ष आहे, तर कोणाच्या मालकीच्या खोलीत तिसरीचे कार्यालय आहे. मुख्य भूमीवरून आलेल्या नमुना नियमावलीत 'ज्याचा हितसंबंध असेल त्याने बैठकीतून बाहेर जावे' एवढे एकच वाक्य आहे. ते अक्षरशः पाळले तर चार-पाच अर्जांनंतर गणपूर्ती, म्हणजे निर्णयासाठी लागणारी किमान उपस्थिती, उरत नाही. न पाळले तर ज्यांना नकार मिळतो ते उघडपणे काही बोलत नाहीत, मात्र पुढच्या वर्षी अर्जच करत नाहीत, आणि हे मला अधिक गंभीर वाटते.

दुसरी अडचण पैशाच्या स्वरूपाची आहे. अनुदान केवळ 'नव्या प्रकल्पा'साठी मिळते आणि ते आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी खर्च करावे लागते. भाडे, विमा, वीज, हिशेबनीसाचे मानधन हे खर्च त्यात बसत नाहीत. परिणामी वर्षानुवर्षे तेच काम चोख करणाऱ्या संस्थांना दर वर्षी त्याच कामाला नवे नाव द्यावे लागते. इतर बेटांवर यातून काय मार्ग काढले गेले आहेत, आणि त्यांतले कोणते प्रत्यक्षात टिकले, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

गणपूर्ती:

आपल्या पहिल्या अडचणीपुरते लिहितो; हिशेबाच्या बाजूवर इतर कोणी अधिक अधिकाराने लिहील.

लहान समाजात हितसंबंध नाहीसे करता येत नाहीत, ते फक्त दिसतील अशा जागी मांडता येतात. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सलम व्हो येथील तेल टर्मिनलमुळे बेटांच्या जीवनात होणाऱ्या उलथापालथीचा मोबदला म्हणून तेल उद्योगाने जो पैसा दिला, त्यातून १९७६ मध्ये तेथे एक धर्मादाय विश्वस्त निधी उभा राहिला आणि बेटांवरील वृद्धसेवा, क्रीडाकेंद्रे, कला अशा अनेक कामांना त्यातून अनुदान मिळत आले. अनेक वर्षे या निधीचे जवळजवळ सर्व विश्वस्त स्थानिक परिषदेचे निवडून आलेले सदस्यच होते. म्हणजे परिषद म्हणून ज्यांनी धोरण ठरवायचे, त्यांनीच विश्वस्त म्हणून त्या धोरणाला पैसा द्यायचा. परिषदेचे आणि निधीचे हिशेब एकत्र मांडावेत की वेगळे, यावरून लेखापरीक्षकांनी परिषदेच्या हिशेबांवर वर्षामागून वर्षे आक्षेप नोंदवले. धर्मादाय नियामकानेही रचनेवर प्रश्न उपस्थित केला आणि पुढे स्वतंत्र विश्वस्तांचे बहुमत असलेली रचना आली. शेटलंडची लोकसंख्या वीस हजारांहून अधिक आहे. तेथे स्वतंत्र माणसे सापडू शकली. हजाराच्या आतील वस्तीत ती बाहेरून आणावी लागतील.

बाहेरून आणणे म्हणजे निर्णय बाहेर सोपवणे असे समजू नये. जागतिक पर्यावरण सुविधा या पर्यावरणासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीचा लघुअनुदान कार्यक्रम १९९२ पासून चालू आहे आणि अनेक लहान द्वीपराष्ट्रांतील गावपातळीवरच्या संस्थांना त्यातून पैसे मिळाले आहेत. तेथे प्रत्येक देशाची स्वतःची सुकाणू समिती असते आणि तिच्यात बहुमत शासनाबाहेरील सदस्यांचे असावे, असा नियम आहे. आपल्या बाबतीत सातांपैकी दोन जागा दुसऱ्या बेटावरील किंवा मुख्य भूमीवरील अनुभवी व्यक्तींना द्याव्यात, त्यांनी दूरसंवादाने बैठकीला बसावे आणि त्यांची मुदत ठरलेली असावी.

त्याखेरीज हितसंबंधांच्या दोन पायऱ्या कराव्यात. पदाधिकारी असणे, संस्थेकडून वेतन किंवा भाडे मिळणे, जवळचे नातेवाईक पदावर असणे ही पहिली पायरी; अशा सदस्याने त्या अर्जावर केवळ विचारलेल्या वस्तुस्थितीची उत्तरे द्यावीत आणि चर्चेपूर्वी उठावे. साधे सभासदत्व ही दुसरी पायरी. संग्रहालयाचे सभासद सगळेच असतात. तेवढ्यासाठी कोणाला उठवू नये, फक्त नोंद करावी. प्रत्येक अर्जाला गुण बैठकीपूर्वी लेखी देण्याची पद्धत ठेवली तर उठून जाण्याला काही अर्थ राहतो, कारण बाहेर गेलेल्या माणसाची नजर उरलेल्यांच्या तोंडावर नसते. गणपूर्ती तरीही अपुरी पडली, तर बाहेरील दोघांनी मिळून केलेली शिफारस अंतिम मानावी, असे एक कलम घालून ठेवावे. ते क्वचित वापरावे लागेल, परंतु नसले की ऐन वेळी कागदी घोडे नाचवावे लागतात.

ताळेबंद:

गणपूर्ती यांनी लिहिलेले सर्व मान्य आहे, तरी माझ्या मते आपल्या दोन अडचणी वेगळ्या नाहीत. समितीसमोर जेवढे निर्णय मर्जीवर अवलंबून राहतील, तेवढा हितसंबंधांचा त्रास वाढेल. दर वर्षी प्रत्येक संस्थेचे अस्तित्वच मतदानाला लावले, तर खजिनदाराच्या बहिणीचा प्रश्न दर वर्षी पेटणारच. म्हणून अनुदानाचा मोठा भाग आधी ठरलेल्या नियमाने, तीन वर्षांसाठी द्यावा आणि समितीच्या विवेकावर थोडाच भाग ठेवावा.

तीन वर्षांच्या या पायाभूत अनुदानात नेमके तेच खर्च धरावेत, जे आज वगळले जातात: विमा, भाडे, वीज, हिशेब, वाहनाची किंवा नौकेची देखभाल. बेटावर हे खर्च मुख्य भूमीपेक्षा जास्त असतात आणि त्यांचे कारण संस्थेचा गलथानपणा नसतो. प्रत्येक सुटा भाग बोटीने येतो, दुरुस्ती करणारा येतो तोही बोटीने, हवामान बिघडले तर त्याला मुक्काम करावा लागतो आणि त्याचा खर्च संस्थेवर पडतो. खाऱ्या हवेत लोखंड आणि विजेची उपकरणे लवकर जातात. मुख्य भूमीच्या दरपत्रकावर बेतलेली 'प्रशासकीय खर्च अमुक टक्क्यांपेक्षा जास्त नसावा' ही अट अशा ठिकाणी प्रामाणिक संस्थांना आकडे लपवायला शिकवते. स्कॉटलंडमध्ये २०१८ च्या बेटविषयक कायद्याने सार्वजनिक संस्थांवर असे बंधन घातले, की एखादे धोरण किंवा सेवा यांचा बेटांवर इतर ठिकाणांपेक्षा लक्षणीय वेगळा परिणाम होण्याचा संभव असेल, तर त्याचे मूल्यमापन करावे. आपल्याकडे असा कायदा असो वा नसो, नमुना नियमावलीचे प्रत्येक कलम याच प्रश्नावर तपासून घ्यावे.

भांडवली अनुदानाबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण बेटांवर सर्वांत जास्त पैसा येथेच वाया जाताना दिसतो. इमारत बांधायला किंवा यंत्र घ्यायला पैसे मिळतात, उद्घाटन होते, आणि चौथ्या वर्षी दुरुस्तीला पैसे नसल्याने कुलूप लागते. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एग बेटाने याचा विचार आधी केला होता. १९९७ मध्ये हे बेट तेथील रहिवासी, हायलंड परिषद आणि एक वन्यजीव संस्था यांच्या संयुक्त न्यासाने विकत घेतले. २००८ मध्ये तेथे पाणी, वारा आणि सूर्य यांपासून वीज देणारी स्वतःची यंत्रणा सुरू झाली. ती उभारायला युरोपीय प्रादेशिक विकास निधी आणि लॉटरीचा निधी यांसारख्या स्रोतांतून पैसा आला, पण चालवण्याची जबाबदारी न्यासाच्याच मालकीच्या कंपनीने घेतली आणि वीजबिलांच्या उत्पन्नातून देखभाल होऊ लागली. घरामागे एका वेळी ५ किलोवॉट आणि व्यवसायामागे १० किलोवॉट अशी वापराची मर्यादा घालून घेतली, त्यामुळे यंत्रणा परवडेल एवढ्याच आकाराची बांधता आली. अनुदान मागण्यापूर्वी स्वतःवर मर्यादा घालून घेण्याचे हे शहाणपण अर्जाच्या नमुन्यात विचारले गेले पाहिजे: ही वस्तू कोण सांभाळणार, त्याचा वार्षिक खर्च किती, आणि तो कोणत्या उत्पन्नातून भागणार?

स्कॉटलंडमधीलच गिया बेटाची गोष्ट वेगळी आहे. २००२ मध्ये तेथील शंभरएक रहिवाशांनी सुमारे ४० लाख पौंडांना बेट घेतले तेव्हा सार्वजनिक मदतीपैकी १० लाख पौंड दोन वर्षांत परत करण्याची अट होती. त्यांनी ती पाळली. बेटावरील मोठा वाडा विकून आणि वर्गण्या गोळा करून २००४ मध्ये रक्कम फेडली. हे यश म्हणून सांगितले जाते आणि ते आहेही. तथापि विकता येईल असा वाडा प्रत्येक बेटावर नसतो, म्हणून परतफेडीच्या अनुदानाची अट घालताना ती कोणत्या मालमत्तेच्या भरवशावर घातली जात आहे हे लिहून ठेवावे.

राहता राहिला संस्थेच्या स्वतःच्या वाट्याचा प्रश्न. निम्मी रक्कम स्वतः उभी करा ही अट बेटावर अन्यायकारक ठरते, कारण प्रत्येक वर्गणीच्या यादीवर तीच चाळीस-पन्नास नावे असतात. बचाव नौकेसाठी दिलेला पैसा पाळणाघराच्या वाट्याचा कमी झालेला असतो. स्थानिक समाजांना जमीन व इमारती घ्यायला मदत करणारा स्कॉटिश भूमी निधी प्रकल्पखर्चाच्या ९५ टक्क्यांपर्यंत मदत करू शकतो, म्हणजे उरलेले ५ टक्केच समाजाने उभे करायचे असतात. लघुअनुदान कार्यक्रमातही वस्तुरूपाने आणि श्रमदानाने दिलेला वाटा मोजला जातो. श्रमदानाचा तासाचा दर मात्र नियमावलीतच ठरवून टाकावा. तो अर्जदारावर सोडला तर वर्षागणिक फुगत जातो.

परखड:

थोडा विरोधी सूर लावतो. तीन वर्षांचे पायाभूत अनुदान म्हणजे आज ज्या संस्था आहेत त्यांचे आरक्षण. लहान बेटावरील बहुतेक संस्था एखाद्या धडपड्या व्यक्तीमुळे चालतात. ती व्यक्ती थकली किंवा बेट सोडून गेली, की फलक उरतो आणि अनुदानही चालू राहते. दुसरीकडे नुकतेच स्थलांतर करून आलेले कुटुंब काही नवे सुरू करू पाहते, तेव्हा त्यांना 'तीन वर्षांनी या' असे सांगायचे काय?

हजाराच्या आतील वस्तीला इतक्या स्वतंत्र नोंदण्या, इतके खजिनदार आणि इतके वार्षिक ताळेबंद पेलतात का, हाही प्रश्न विचारायला हवा. परिषदेने प्रत्येकाला हिशेबासाठी वेगळा पैसा देण्याऐवजी सर्वांसाठी एक पगारी हिशेबनीस नेमावा. विलीनीकरणाची सक्ती मात्र करू नये. त्यातून भांडणेच वाढतात. आणि बेटाबाहेरील मोठ्या संस्था बेटाच्या नावाने निधी उचलतात, त्याबद्दलही नियम हवा. ब्रिटनच्या सागरपार प्रदेशांसाठीच्या पर्यावरण निधीत २०२२ मध्ये स्थानिक व्यक्ती आणि संस्थांसाठी लहान अनुदानांची वेगळी शाखा काढावी लागली, यातच काय ते आले.

ताळेबंद:

परखड यांचा मुद्दा खरा आहे, म्हणून माझ्या प्रस्तावात दोन भर घालतो. पायाभूत अनुदान संस्थेच्या नावाला न देता सेवेला द्यावे. वृद्धांना घरपोच मदत किती घरी पोहोचते, बचाव नौका किती दिवस सज्ज असते, पाळणाघर आठवड्यातून किती दिवस उघडे असते, असे साधे निकष असावेत, आणि सलग दोन सहामाहींत सेवा बंद राहिली तर हप्ता आपोआप थांबावा. आपोआप हा शब्द महत्त्वाचा आहे. शेजाऱ्याचे अनुदान बंद करण्याचा ठराव मांडायला लहान जागी कोणी धजत नाही.

दुसरे, विवेकाधीन भागातील काही हिस्सा नव्या आणि नोंदणी न झालेल्या गटांसाठी राखीव असावा. नोंदणी नसेल तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेने त्यांच्या वतीने रक्कम घ्यावी, वेगळ्या खात्यात ठेवावी आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे. सामायिक हिशेबनीसाची सूचना उत्तम आहे, फक्त त्याने अनुदान समितीचा सचिव असू नये.

किनारपट्टी:

सर्वांचे आभार. सेवेनुसार पायाभूत अनुदान आणि बाहेरील दोन सदस्य ही दोन्ही कलमे मी मसुद्यात घेत आहे. दोन गोष्टी अजून अडतात. वर्षअखेरीस न खर्चलेली रक्कम व्यपगत होते, म्हणजे तिच्यावरचा हक्क संपतो, त्यामुळे शेवटच्या महिन्यात कशीबशी खरेदी उरकली जाते. शिवाय परिषदेचे स्वतःचे उत्पन्न वर्षागणिक खालीवर होते, तेव्हा तीन वर्षांचा शब्द द्यायचा कोणत्या आधारावर? लोकांनी चालवलेल्या दुकानाला अनुदान द्यावे की नाही यावरही मतभेद आहेत.

दूरबंदर:

व्यपगत होण्याबद्दल लिहितो. दक्षिण अटलांटिक महासागरातील ट्रिस्टन दा कुन्हा या बेटाचा विचार करा. अडीचशेहून कमी वस्ती, विमानतळ नाही, आणि केप टाउनहून जहाज वर्षातून मोजक्याच वेळा जाते; तेही किनाऱ्याजवळ समुद्र शांत असेल तरच माल उतरतो. अशा ठिकाणी अनुदान मंजूर होणे, मालाची मागणी जाणे, माल जहाजावर चढणे आणि काम पूर्ण होणे हे सर्व बारा महिन्यांत बसेल ही अपेक्षाच चुकीची आहे. आपले बेट एवढे दूर नसेल, परंतु तत्त्व तेच लागू पडते. मागणीपत्र निघाले असेल तर ती रक्कम 'बांधील खर्च' मानून पुढील वर्षात न्यावी, आणि मुदत आर्थिक वर्षाऐवजी मंजुरीच्या दिनांकापासून मोजावी. त्याचबरोबर 'आधी खर्च करा, मग पावत्या दाखवून पैसे घ्या' ही पद्धत लहान संस्थांसाठी टाळावी. ज्या मंडळाच्या खात्यात दोन महिन्यांच्या भाड्याएवढीही शिल्लक नाही, त्याने पदरमोड करून छप्पर कसे घालावे? मोठा हप्ता आगाऊ, मधला हप्ता काम अर्ध्यावर आल्यावर, आणि लहानसा शेवटचा हप्ता हिशेब आल्यावर असे ठेवावे.

उत्पन्नाच्या चढउताराबाबत प्रशांत महासागरातील तुवालू या द्वीपराष्ट्राची रचना मला आवडते. तेथील राष्ट्रीय विश्वस्त निधी १९८७ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि तुवालू यांच्या रकमांतून उभा राहिला. महागाई धरून मूळ निधीचे जे मूल्य राखायचे ठरले आहे, त्याच्या वर वाढ झाली तरच रक्कम काढता येते, आणि काढलेली रक्कम लगेच खर्च न करता एका मधल्या राखीव खात्यात ठेवता येते, म्हणजे मंदीच्या वर्षांत ती कामी येते. पुढे १९९९ मध्ये बेटांवरील समाजांसाठी वेगळा विश्वस्त निधी निघाला. त्यात बेटांनी आपापले पैसे घातले आणि सरकारने त्याला जोड दिली. आपल्याकडे एवढे भांडवल नसले तरी मधल्या राखीव खात्याची कल्पना घेता येईल. मागील पाच वर्षांच्या सरासरी उत्पन्नाच्या एका निश्चित टक्क्याएवढेच पायाभूत अनुदान कबूल करावे, चांगल्या वर्षातील वाढ राखीव खात्यात टाकावी आणि ते खाते इतर कोणत्याही कामाला वापरता येणार नाही असा ठराव करावा. निवडणुकीच्या वर्षात त्यावर डोळा जाणार हे गृहीत धरूनच तो ठराव लिहावा.

गणपूर्ती:

दुकानाबद्दल. दुकान हा व्यवसाय आहे, म्हणून त्याला दिलेली मदत अनेक देशांत स्पर्धेच्या कायद्याखाली मोजली जाते. परंतु लहान रकमांना सूट असते. युरोपीय संघात १ जानेवारी २०२४ पासून एका उपक्रमाला सर्वसाधारणपणे तीन वर्षांत ३ लाख युरोपर्यंतची मदत या सुटीत बसते. त्यापूर्वी ही मर्यादा २ लाख होती. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्यात तशीच ३ लाख १५ हजार पौंडांची मर्यादा आहे. आपल्या परिषदेची रक्कम बहुधा याच्या जवळपासही जाणार नाही, तेव्हा कायद्याची भीती दाखवून नकार देऊ नये. खरा प्रश्न असा आहे, की बेटावर दुसरे खाजगी दुकान आहे का? असेल, तर अनुदान विक्रीला न देता ज्या गोष्टींतून दोघांनाही फायदा होतो त्यांना द्यावे, उदाहरणार्थ धक्क्याजवळचे सामायिक शीतगृह. नसेल, तर ती सेवा समजून पायाभूत अनुदानात धरायला हरकत नाही.

किनारपट्टी:

दुसरे दुकान नाही, त्यामुळे ते कलम सोपे झाले. शेवटचे एक विचारतो: निर्णयांची यादी जाहीर करताना नाकारलेल्या अर्जांची नावेही द्यावीत काय? समितीत यावर तीन विरुद्ध चार अशी विभागणी आहे.

गणपूर्ती:

मंजूर झालेल्यांची नावे, रकमा, प्रत्येक सदस्याने जाहीर केलेले हितसंबंध आणि कोण कोणत्या अर्जाच्या वेळी उठले, हे सर्व इतिवृत्तात जाहीर असावे. नाकारलेल्यांची केवळ संख्या आणि मागितलेली एकूण रक्कम द्यावी. नाव देण्याचा निर्णय त्या संस्थेवर सोडावा. कारणे मात्र त्यांना लेखी कळवावीत, गुणांसह, आणि त्यांनी आक्षेप घेतला तर बाहेरील ज्या सदस्याने तो अर्ज पहिल्या फेरीत तपासला नसेल त्याने तो पुन्हा पाहावा. यासाठी पहिल्या फेरीतच बाहेरील दोघांमध्ये अर्ज वाटून द्यावे लागतील, आणि गणपूर्ती अपुरी पडल्यावर दोघांनी मिळून शिफारस करावी हे मी आधी सुचवलेले कलम त्या अर्जांपुरते बदलून एकाच्या शिफारशीवर आणावे लागेल.